दुसऱ्या घराचा धंदा : प्रस्तावना

पुण्या-मुंबईकडच्या मराठी घरांत दुसरा फ्लॅट सहसा ठरवून येत नाही. चाळीच्या पुनर्विकासात वडिलांच्या नावावर मिळालेला असतो, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला असतो, मुलगा परदेशी स्थायिक झाल्यावर रिकामा पडलेला असतो, नाहीतर पगार वाढला तेव्हा ‘टॅक्स वाचेल’ एवढ्या एका वाक्यावर कर्ज काढून घेतलेला असतो. आला कसाही, तरी वर्षभर कुलूप लावून मेंटेनन्सची बिलं भरून झाली की घरात विषय निघतोच: भाड्याने द्यायचा का? त्यापाठोपाठ प्रश्नांची रांग लागते. डिपॉझिट किती मागायचं, अ‍ॅग्रीमेंट कोण करून देतं, बॅचलर मुलं ठेवावीत का, सोसायटीचे चेअरमन काय म्हणतील, गीझर बिघडला तर खर्च कुणाचा, भाडं आयकरात दाखवायचं का. आणि या सगळ्यांच्या तळाशी बसलेला, फारसा मोठ्याने न विचारला जाणारा प्रश्न: तो सोडून गेलाच नाही तर?

हे पुस्तक अशा मालकासाठी आहे. ज्याच्याकडे एक किंवा फार तर दोन फ्लॅट आहेत, जो नोकरी करतो किंवा करून निवृत्त झाला आहे, आणि भाडेकरूचा फोन आला तर तो स्वतःच उचलतो. ज्यांच्याकडे अख्खी इमारत आहे त्यांच्या दिमतीला वकील असतो, दिवाणजी असतो, ठरलेला प्लंबर असतो. त्यांना या पुस्तकाची गरज नाही. दुकानगाळे, पेइंग गेस्टची घरं आणि गोव्यात पर्यटकांना आठवड्याच्या बोलीवर दिले जाणारे फ्लॅट यांचेही नियम वेगळे, आणि ते मुद्दाम बाहेर ठेवले आहेत.

भाडेकरारांच्या कामात अनेक वर्षं वावरल्यावर एक गोष्ट मला ठामपणे सांगावीशी वाटते. छोट्या मालकाची भीती १९७३ सालची आहे आणि नुकसान मात्र आजचं आहे. तो घर बळकावलं जाईल म्हणून रात्री जागतो, आणि दिवसाढवळ्या हिशेबात, कागदात आणि गळक्या नळात पैसे घालवतो.

ही भीती आली कुठून, हे आधी पाहावं लागेल, कारण मालकांच्या निम्म्या समजुती तिच्यातूनच निघालेल्या आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. युद्ध नुकतंच संपलेलं, शहरात माणसांची रीघ आणि घरांची टंचाई, त्यामुळे तेव्हा ते समजण्यासारखं होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला. गिरगाव-लालबागच्या चाळींत भाडं जिथल्या तिथे राहिलं, मालकाने दुरुस्तीवरून हात काढला, आणि खोलीची खरी किंमत पागडीच्या रूपाने बाहेर फिरू लागली. या कायद्यातून निसटायला मालकांनी वाट काढली ती ‘लिव्ह अँड लायसन्स’ची. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात लायसन्स म्हणजे दुसऱ्याची जागा वापरण्याची नुसती परवानगी. त्यातून जागेत कसलाही हक्क तयार होत नाही. तेव्हा भाडेपट्टा न म्हणता परवाना म्हणायचं, असं चाललं होतं. मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी ज्यांचा परवाना चालू होता आणि जे प्रत्यक्ष जागेत राहत होते, ते सगळे कायद्याने भाडेकरू ठरले. काल ज्याला वर्षभरासाठी चावी दिली, तो आज संरक्षित भाडेकरू. शिवाजी पार्कपासून डेक्कनपर्यंत अनेक कुटुंबांत ही गोष्ट कुणा ना कुणा काकांच्या नावाने सांगितली जाते. घर रिकामं ठेवीन पण भाड्याने देणार नाही, ही जिद्द तिथे जन्माला आली.

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलं. १९८७ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत संपल्यावर जागा परत मिळवायची खास सोय झाली. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी कालबाह्य आणि अवाजवी झाल्याचं म्हटलं. आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. आजच्या छोट्या मालकाने या कायद्यातली दोनच कलमं नीट वाचली तरी त्याची झोप सुधारेल.

पहिलं कलम २४. राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या परवान्याची मुदत संपली आणि परवानाधारक हलला नाही, तर मालकाने दिवाणी न्यायालयाची पायरी चढायची नाही; त्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समोरच्याला बचाव करायचा असेल तर आधी प्राधिकाऱ्याची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतरच्या प्रत्येक महिन्यासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई मिळू शकते. आणि लेखी करारात जे लिहिलं आहे तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा धरला जातो. दुसरं कलम ५५. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ही जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता अकरा महिन्यांचं पाहा. करार अकरा महिन्यांचाच का, असं विचारलं तर दहांतले आठ मालक सांगतात, ‘वर्षाच्या आत असला की रजिस्टर करावा लागत नाही.’ नोंदणी कायद्यात वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, हे खरं. पण महाराष्ट्रात कलम ५५ आल्यावर ती सवलत उरलीच नाही. अकरा महिन्यांचा असो की एका महिन्याचा, नोंदवावा लागतो. उलट साठ महिन्यांपर्यंतचा परवाना एकाच करारात करता येतो. चांगला भाडेकरू असेल तर दोन किंवा तीन वर्षांचा करार, मध्ये दरवर्षीची वाढ आधीच लिहून, हा दोघांनाही सोयीचा. तरी अकरा महिने चालूच आहेत. एजंटलाही ते आवडतात, कारण दर अकरा महिन्यांनी त्याची फी उगवते.

दुसरी समजूत बारा वर्षांची. बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याला आता म्हणीचा दर्जा द्यावा. बारा वर्षांचा नियम आहे तो मालकाच्या विरोधात, उघडपणे, स्वतःला मालक म्हणवून कब्जा ठेवणाऱ्यासाठी. जो तुमच्या परवानगीने आत आला आणि दरमहा पैसे देतो, त्याचा कब्जा परवानगीचा असतो, आणि नुसती वर्षं मोजून तो मालकीत बदलत नाही. आधार कार्डावर किंवा गॅसच्या पुस्तकावर तो पत्ता आला म्हणूनही हक्क येत नाही. बिचाऱ्याला पत्त्याच्या पुराव्यासाठी झुलवत ठेवण्यात काही शहाणपण नाही.

कलम २४ ची ताकद मात्र कागदावर उभी आहे, आणि इथेच मालक आपल्याच हाताने तिची धार घालवतो. ठरलेलं भाडं बावीस हजार, करारात लिहिलं बारा हजार. का? तर स्टॅम्प कमी लागतो आणि ‘उगाच आयकरात दिसायला नको’. हिशेब करून पाहू. परवान्यावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, ते मुदतीतलं एकूण भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. बावीस हजार भाडं, सहासष्ट हजार डिपॉझिट, अकरा महिने: शुल्क होतं सहा-सातशे रुपये. वर महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. बारा हजार लिहिल्याने वाचतात ते पावणेतीनशे रुपये. आणि उद्या तोच माणूस मुदत संपून बसून राहिला, तर दुप्पट भरपाई बाराची होते, चोवीस हजार. म्हणजे तो जवळपास ठरल्या भाड्यातच राहतो आणि तुम्ही तारखा मोजता. करारातला आकडा खरा लिहिणं हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

नोंदणीही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात साक्षीदार घेऊन दिवस काढायची गरज नाही. अधिकृत सेवा देणारा अंगठ्याचं यंत्र आणि लॅपटॉप घेऊन घरी येतो, दोन्ही बाजूंचे आणि साक्षीदारांचे आधारवर अंगठे घेतो, फोटो काढतो आणि जातो. मालक नागपूरला आणि भाडेकरू हिंजवडीला असला तरी ज्याने त्याने आपापल्या गावी अंगठा द्यावा. वयस्कर मालकांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही, ही एक खरी अडचण. त्यावरचे मार्ग दुसऱ्या प्रकरणात आहेत. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे याहून वेगळं काम. करार नोंदवला म्हणजे ते आपोआप झालं असं समजू नये.

भीतीचं एवढं पुरे. आता हिशेबाकडे येऊ, कारण छोट्या मालकाला खरी वस्तुस्थिती तिथे सापडते आणि ती फारशी आवडत नाही.

पुण्याच्या उपनगरातला ७५ लाखांचा टू बीएचके घ्या. आकडे नमुन्याचे आहेत, पण अनोळखी वाटणार नाहीत. पुरुषाच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणी तीस हजार. ग्रिल, पंखे, गीझर, किचन ट्रॉली, पडद्यांचे रॉड यांत दीड लाख जातात. घर पडलं ८२ लाखांना. भाडं बावीस हजार, वर्षाचे २,६४,०००. इथपर्यंत सगळेच मोजतात, आणि ब्रोकरही इथेच थांबतो. पुढे मोजा. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर महिनाभर रिकामं राहिलं, बावीस हजार गेले. सोसायटीचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजार धरला तर ४२,०००. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांत उन्हाळ्यात तो कुठे जातो हे वाघोलीच्या मालकांना विचारावं. मिळकतकर १८,०००. रंग, नळ, किरकोळ दुरुस्ती यांची वर्षाला सरासरी १५,०००. ब्रोकरला पंधरा दिवसांचं भाडं, ११,०००. हातात राहिले १,५६,०००. ब्याऐंशी लाखांवर हे दोन टक्केही होत नाहीत, आणि अजून आयकर भरायचा आहे. बँकेची मुदत ठेव काही न करता याच्या तिप्पट देते.

कर्ज असेल तर चित्र आणखी स्पष्ट होतं. साठ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता सुमारे ५२,०००. ‘भाड्यातून हप्ता निघेल’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला शोधून काढलं पाहिजे. महिन्याला तीस हजार खिशातून जातात.

मग लोक घर घेतात ते मूर्ख आहेत म्हणून का? तसं नाही. ते घराची किंमत वाढेल यावर पैसे लावत असतात, आणि काही भागांत, काही काळात ती वाढलीही आहे. म्हातारपणी पेन्शनला जोड हवी, हेही खरं कारण आहे. भाडं महागाईबरोबर थोडंफार चढतं, ठेवीचं व्याज चढत नाही. माझं म्हणणं इतकंच की आपण कशावर पैसे लावले आहेत ते मालकाला ठाऊक असावं. ज्याची भिस्त किमतीवर आहे त्याने भाड्याच्या पाचशे रुपयांसाठी चांगला भाडेकरू घालवणं हा शुद्ध तोटा आहे. दहा टक्के वाढ मागितली, तो निघून गेला. वाढीतून वर्षात मिळणार होते सव्वीस हजारांच्या आसपास. गेलेले पैसे: एक रिकामा महिना, ब्रोकर, नव्या माणसासाठी रंग. तिन्ही मिळून साठ हजारांच्या आसपास. ही बेरीज मी ज्या ज्या मालकापुढे मांडली आहे, त्यातल्या बहुतेकांनी मान डोलावली आणि पुढच्या वर्षी दहा टक्केच मागितले.

भाडेकरू निवडण्याबद्दल या पुस्तकात मोठं प्रकरण आहे. इथे एवढंच सांगतो की त्यात ‘फक्त फॅमिली’ आणि ‘फक्त व्हेज’ या दोन फिल्टरांना फार जागा दिलेली नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये भाडेकरूच्या लग्नाची अट कुठेही नाही, तरी सोसायट्या बॅचलर नकोत असे ठराव करतात आणि मालक मुकाट्याने मान्य करतात. फोनवर आधी आडनाव विचारायचं आणि ते ऐकून ‘आत्ताच गेला हो फ्लॅट’ म्हणायचं, ही आपल्या शहरांतली रोजची गोष्ट आहे. ती अन्यायाची आहे हे तर उघडच आहे, आणि ती महागही आहे, कारण दर नकारामागे रिकाम्या दिवसांचं भाडं जातं. त्यापेक्षा मागच्या मालकाचा नंबर मागावा आणि त्याला दोन प्रश्न विचारावेत: भाडं कितव्या तारखेला यायचं, आणि घर सोडताना कसं होतं. लोक तीन पगारपत्रकं तपासतात, पण हा एक फोन करत नाहीत.

आता एक घर जरा जवळून पाहू. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मालक साताऱ्याला राहणारे, आत आयटीतली तीन मुलं. एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमच्या छताचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. पोपडे सुटलेत, एक थेंब लोंबतो आहे. मालक मुलांना फोन करतात. मुलं म्हणतात, आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे. प्लंबर रविवारीच येऊ शकतो कारण मुलं तेव्हाच घरी. तो येतो, गुडघ्यावर बसून नहाणी ट्रॅपभोवती बोट फिरवतो, सांध्यातलं सिमेंट नखाने खरवडतो आणि सांगतो की फरशी उचलावी लागेल, कोबा फोडून खालचं वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागेल, वर पाणी साठवून दोन दिवस तपासावं लागेल, म्हणजे आठवडाभर बाथरूम बंद. पस्तीस-चाळीस हजार. मुलं विचारतात, आठवडाभर तिघांनी एका बाथरूममध्ये काढायचं तर भाड्यात काही कमी होईल का? काकू विचारतात, आमच्या छताचा रंग कोण देणार? चेअरमन विचारतात, डेब्रिज खाली कुठे टाकताय? करारात यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे, मोठी मालकाकडे’ असं एक वाक्य होतं, पण किरकोळ म्हणजे किती रुपयांपर्यंत ते नव्हतं.

या पुस्तकातला कराराचा मसुदा अशा रविवारी काय काय विचारलं जातं ते डोळ्यांपुढे ठेवून केला आहे. त्यात किरकोळ दुरुस्तीची रकमेत मर्यादा आहे. एखादी खोली वापरता येत नसेल तर किती दिवसांनंतर भाड्यात सूट, ते आहे. सोबत चावी देण्याच्या दिवशीची यादी आहे: पंखे किती, त्यातला कोणता आवाज करतो, चिमणीची जाळी, चाव्यांचे संच, पार्किंगचा स्टिकर, मीटरचं रीडिंग, आणि भिंतींवर आधीच असलेली भोकं. सगळ्याचा व्हिडिओ त्याच दिवशी दोघांच्या फोनवर. डिपॉझिटची भांडणं बहुतेक वेळा लबाडीतून होत नाहीत. अकरा महिन्यांपूर्वी भिंत कशी होती, हे दोघांनाही आठवत नसतं. माझ्या मते साध्या वापराने मळलेल्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणं गैर आहे. रंग मळणं हे भाड्यातच आलं. फुटलेलं बेसिन, जळलेला ओटा, अर्धवट सोडलेलं विजेचं बिल ही गोष्ट वेगळी. महावितरणचं कनेक्शन मालकाच्याच नावावर असतं, तेव्हा थकबाकीही त्याच्याच दारी येते.

मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’चा प्रकार आहे: दहा-पंधरा लाख एकरकमी घ्यायचे आणि भाडं शून्य किंवा नावापुरतं. मालकाला पैसे हातात आल्यासारखे वाटतात, पण ते बिनव्याजी का होईना, कर्ज आहे. मुदत संपताना ती रक्कम तयार नसेल तर भाडेकरू घर सोडत नाही, आणि त्याची बाजू चुकीचीही नसते. हाती आलेले पैसे खर्च करून टाकणाऱ्या मालकाला या वाटेने जाऊ नये असंच मी सांगेन.

सोसायटीबद्दल थोडक्यात. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे आपण ज्याला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतो, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. राज्य सरकारचा हा आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे आणि उच्च न्यायालयात तो टिकला आहे. इथे सेवाशुल्क म्हणजे अख्खं मेंटेनन्स बिल नव्हे. साडेतीन हजारांच्या बिलात सेवाशुल्क दीड हजार असेल तर शुल्क दीडशे रुपये. तरी महिन्याला सरसकट हजार लावणाऱ्या सोसायट्या आहेत, आणि भांडण नको म्हणून भरणारे मालकही आहेत. परवान्याने देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. कळवताना पत्रावर पोचेचा शिक्का मात्र घ्यावा.

करांचं प्रकरण सीएच्या मदतीने तयार केलं आहे. त्यातल्या चार गोष्टी इथेच सांगतो, कारण त्या माहीत नसल्याने मालक दरवर्षी फसतात. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. तुम्ही रंगावर दोन रुपये खर्च करा की दोन लाख, ती तेवढीच, आणि दुरुस्ती किंवा दलाली वेगळी दाखवता येत नाही. दुसरी गोष्ट ‘टॅक्स वाचेल’ म्हणून कर्ज काढलेल्यांसाठी: नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या प्रणालीत तो वर्षाला दोन लाखांपर्यंत होतो, आणि वर्षानुवर्षं सांगितला जाणारा सल्ला त्या जुन्या हिशेबावर उभा आहे. तिसरी, भाडं महिन्याला पन्नास हजारांच्या वर गेलं तर भाडेकरूने कर कापायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर ५ वरून २ टक्क्यांवर आला. चौथी पुणेकरांसाठी: मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात जी ४० टक्क्यांची सवलत आहे, ती भाड्याने दिल्यावर लागू राहत नाही, आणि हा फरक भाडं ठरवताना धरायला हवा. नोकरदार भाडेकरूचं भाडं वर्षाला लाखावर असेल तर तो घरभाडे भत्त्यासाठी मालकाचा पॅन देतो. न दाखवलेलं भाडं त्याच वाटेने बाहेर येतं. कलमांचे क्रमांक या प्रकरणात मुद्दाम कमी ठेवले आहेत, कारण ते बदलतात. दरही अर्थसंकल्पागणिक हलतात, तेव्हा सही करण्याआधी त्या वर्षाचे दर पाहून घ्यावेत.

न्यू जर्सी, दुबई, सिंगापूर इथून बाणेर-ठाण्यातले फ्लॅट सांभाळणाऱ्या मराठी मंडळींचा वर्ग आता मोठा आहे, आणि त्यांच्या बाबतीत एक नियम दोन्ही बाजूंना ठाऊक नसतो. मालक आयकराच्या दृष्टीने अनिवासी असेल तर भाडं दहा हजार असलं तरी भाडेकरूने ३० टक्के अधिक उपकर कापून सरकारात भरायचा असतो, आणि त्यासाठी त्याला टॅन नंबर काढावा लागतो. मालकाचं एकूण उत्पन्न कमी असेल तर तो कमी दराचं प्रमाणपत्र मिळवू शकतो किंवा विवरणपत्र भरून परतावा घेऊ शकतो. पण कापलाच नाही तर नोटीस भाडेकरूला येते. चांगल्या कंपनीतला भाडेकरू अशा घरापासून का लांब राहतो, याचं उत्तर अनेकदा इथे असतं. तिकडून पाठवायचं मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्यावं, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावावा.

वडिलांच्या माघारी भावंडांत राहिलेला फ्लॅट हा आणखी एक नाजूक भाग. सोसायटीच्या दप्तरात नॉमिनी म्हणून एकाचं नाव असतं, तोच भाडं घेतो, आणि तीन वर्षांनी बहीण विचारते की माझा वाटा कुठे. नॉमिनी हा वारस नव्हे. सगळ्या वारसांची सही किंवा मुखत्यारपत्र नसताना करार करू नये, आणि भाडं जमा होणारं खातं एकच, सगळ्यांना दिसणारं असावं. हे लिहायला सोपं आहे. रक्षाबंधनाला बोलायला अवघड आहे.

शेवटचं प्रकरण विकण्याबद्दल आहे, आणि भाड्याच्या पुस्तकात ते का, असं काहींना वाटेल. दोन टक्क्यांनी चाललेलं घर किती काळ ठेवायचं, हा प्रश्न या धंद्याच्या आतलाच आहे. दर तीन वर्षांनी मालकाने त्याच कागदावर वरचा हिशेब पुन्हा मांडावा, फक्त ७५ लाखांच्या जागी आजची किंमत लिहून. विकायचं ठरलं, तर दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या घराच्या नफ्यावर आता १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी मालक महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांचा जुना हिशेबही निवडू शकतो, आणि दोन्ही करून पाहिल्याशिवाय कोणता बरा ते कळत नाही. आत भाडेकरू असताना घर बाजारात आणलं तर गिऱ्हाईक रिकाम्या ताब्याची अट घालतं, भाडेकरू लॉक-इनचं कलम काढून दाखवतो, आणि मालक दोघांच्या मध्ये अडकतो. म्हणून करारातच विक्रीची सूचना, तिची मुदत आणि घर दाखवायला येणाऱ्यांसाठीच्या वेळा लिहून ठेवाव्यात. आणि बाहेर कुणाकडून टोकन घेण्याआधी भाडेकरूला विचारून घ्यावं. मुलांची शाळा जवळ आहे, शेजार सवयीचा झाला आहे, गळती कुठे होती आणि कधी दुरुस्त झाली हे त्याला ठाऊक आहे. पुष्कळदा गिऱ्हाईक आतच राहत असतं. ते बोलणं कसं सुरू करावं याचा नमुना त्या प्रकरणात दिला आहे.